गार ब्रेक

रेसिंग ट्रॅकवर भल्याभल्यांचे ब्रेक तापतात असं वाचलं. म्हणून पहिल्यांदा तिथे जाण्याआधी तीन रविवार गाडीखाली लोळून बंपरपासून ब्रेकपर्यंत हवेचे पाइप बसवले. ताई म्हणाली, "आधी गाडी पळव तरी, गोगलगाय!"

आज तिच्यादेखत दहा फेऱ्या मारल्या. मेकॅनिककाकांनी भीतभीत ब्रेकच्या चकतीजवळ हात नेला आणि मग चक्क तळहातच टेकवला.

"अरे, हे तर गार आहेत!"

मी ताईकडे बघून कॉलर ताठ केली. "पाइपांची कमाल, काका."

काका बंपरपाशी वाकले आणि पाइपांच्या तोंडावरची चिकटपट्टी सोलून काढली. "चिखल जाऊ नये म्हणून लावली होतीस ना? काढायची राहिली बघ."



ताईने ती पट्टी घेतली आणि माझ्या तोंडाला लावली.