दादाच्या ऑफिसातली सेटिंग

मोठ्या भावाशी कडाक्याचं भांडून धाकट्याने समोरच्याच गल्लीत स्वतःचं ऑफिस थाटलं. निघताना दादाच्या गिऱ्हाइकांच्या याद्या, दरपत्रकं आणि कुणाला नेट द्यायचं, कुणाला नाही हे ठरवणाऱ्या फायरवॉलची अख्खी सेटिंगसुद्धा पेनड्राइव्हवर उचलून आणली.

पहिल्याच दिवशी सगळ्यांचं नेट धावायला लागलं. फक्त त्याच्या लॅपटॉपवर काही म्हणता काही उघडेना.

"दोन तास झाले, नुसता डोकं खाजवत बसलायस! येत नाही तर कामं घेतोस कशाला?" तो नेटवर्कवाल्यावर खेकसला. "दादाकडे हीच सेटिंग दहा वर्षं बिनतक्रार चालली!"

नेटवर्कवाल्याने राग गिळला आणि त्या सेटिंगमधले दादाच्या हातचे दोनशे नियम एकेक करून तपासले. शेवटी एक सापडला. या एकाच लॅपटॉपला बंदी. तारीख भांडणाच्या आदल्या दिवशीची.

"साहेब, नियमाखाली तुमच्या दादांनी शेरा लिहिलाय. वाचू?"

"मोठ्याने वाच! सगळ्या ऑफिसला कळू दे, दादाचं डोकं किती चालतं ते."



"'लॅपटॉप धाकट्याचा. उद्या हा इथलं सगळं उचलून नेईल. ही सेटिंगसुद्धा, न वाचताच.'"