शेजारचा आकडा

मोहना लॅपटॉप उघडाच ठेवून आईला देवळात सोडायला गेली आणि निजामपुऱ्याच्या त्या खोलीत रसिका एकटी उरली.

पडद्यावर उद्याची यादी होती. मांजलपूरच्या एका पार्टी प्लॉटवर, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या मोकळ्या अंगणात, लग्नाआधीचं लेडीज संगीत, दुपारचं. मोहनाच्या वाट्याची बावीस गाणी. प्रत्येक गाण्यापुढे दोन आकडे. एक ठोक्याचा, मिनिटाला किती पडतात तो. दुसरा सुराचा, एक ते बारा, घड्याळासारखा गोल मांडलेला. सारख्या किंवा शेजारच्या आकड्यांची गाणी एकात एक मिसळली की पहिलं कधी संपलं ते कळतही नाही.

रसिकाला त्या आकड्यांचा राग होता. सात वर्षं ती गाणं शिकली होती. चार वर्षांपूर्वी दोघींनी मिळून डीजेचं काम सुरू केलं तेव्हा कुठल्या गाण्याला कुठलं लागेल, हे रसिका नुसतं गुणगुणून सांगायची. मोहना म्हणायची, "तुझ्यासारखे कान मला असते तर!"

दिवाळीनंतर सगळं फिरलं. मोहनाने सॉफ्टवेअरकडून एकेक करून दीड हजार गाण्यांना आकडे लावून घेतले आणि तिचं वाजवणं असं काही सफाईदार झालं, की बायका नाव विचारत स्टेजपाशी येऊ लागल्या. वाजवताना ती आता हेडफोन कानाला लावतच नसे, गळ्यात दागिन्यासारखा अडकवून ठेवी. यादीतलं पुढचं गाणं आयत्या वेळी नुसते आकडे बघून निवडी. मिजास वाढली होती. हाक मारली तर ओ द्यायची नाही. फोन उचलायची नाही, नुसता मेसेज टाकायची.

कार्यक्रम ठरवणाऱ्या कांचनबेन परवा रसिकाच्या तोंडावर म्हणाल्या होत्या, "मोहना तो बहु सरस, फारच छान वाजवते. तू पण चांगली आहेस हं. रविवारी दोघींना ऐकते, मग लग्नसराई कोणाला द्यायची ते ठरवू."

तू पण. दोन दिवस ते दोन शब्द रसिकाच्या डोक्यातून जात नव्हते.

तिने लॅपटॉप पुढे ओढला. ठोक्यांना हात लावला नाही. सुराचे आकडे तेवढे बदलले. आठाचे दोन, तिनाचे नऊ. बारा गाणी झाली तेव्हा खाली स्कूटर थांबल्याचा आवाज आला.

"चहा टाकू का?" मोहनाने आत येत विचारलं.

"नको गं, निघते मी," रसिका म्हणाली. मोहना तिच्या तोंडाकडे बघत राहिली, मग हसून तिने मान हलवली. जिना उतरताना रसिकाच्या मनात आलं, हिला साधं बोलायचाही कंटाळा.

रविवारी पहिला तास रसिकाने वाजवला. बरा झाला. मग मोहना टेबलामागे आली आणि अंगणभर बायका उठून उभ्या राहिल्या.

पहिली दोन गाणी लोण्यासारखी गेली. तिसरं आत आलं आणि रसिकाच्या अंगावर काटा आला. ठोका तंतोतंत जुळला होता, पण सूर एकमेकांना ओरबाडत होते. दोन पेट्या दोन वेगळ्या पट्ट्यांत एकदम वाजाव्यात तसं. नवरीच्या मावशीने कानावर हात ठेवले. फेर विस्कटला.

आता घाबरेल, रसिकाला वाटलं. आता झटकन आधीचं गाणं बंद करेल. एवढं कुणालाही कळतं.

मोहनाने काहीच बंद केलं नाही. ती हसतमुखाने मान डोलवत होती. दोन्ही गाणी तिने चांगली मिनिटभर एकत्र चालू ठेवली आणि मग त्यावर चौथं चढवलं. ते त्याहून भयंकर होतं. कांचनबेन खुर्चीतून उठून ओरडल्या, "मोहना, बंद कर!" मोहनाने वरही पाहिलं नाही.

रसिकाला तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास आला. झालं. लग्नसराई आपली.

मोहनाने मान वर केली तेव्हा समोर कुणी नाचत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं. तिने यादी पाहिली, पुन्हा पाहिली, बोट ठेवून आकडे वाचले. मग तिने रसिकाला हाताने जवळ बोलावलं आणि तिचं मनगट घट्ट धरलं.

"आकडे तर बरोबर आहेत. मग सगळ्या थांबल्या का?" ती म्हणाली. "तू ऐकून सांग ना. तुला म्हणून सांगते, दिवाळीपासून मला नुसता ठोका कळतो गं, सूर काय, हाकही ऐकू येत नाही."