आठच्या खिडक्या

"भिंतीला हात लावून बघा, तव्यासारखी तापलीय!" मी त्या आर्किटेक्ट मुलीवर खेकसलो. तिने बांधलेलं घर चार उन्हाळे गार राहिलं, आणि या मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात मी या खोलीतून त्या खोलीत नुसत्या येरझारा घालत होतो.

तिने गच्चीवरचा चुना पाहिला, पोकळ विटांच्या भिंती ठोकून पाहिल्या. सगळं ठीक होतं. मग तिची नजर सताड उघड्या खिडक्यांवर थांबली.

"काका, या कधी उघडता?"

"सकाळी उठलो की. वारा नको यायला?"

"हा वारा? पहाटेचा गारवा आत घ्यायचा आणि आठला खिडक्या बंद करायच्या, त्या दिवस मावळेपर्यंत. मी काकूंना सांगितलं होतं."

मी खाली बसलो. रोज आठला बायको खिडक्या लावायची आणि रोज मी ओरडायचो, "अंधार कशाला करतेस? पेपर वाचतोय ना!" ती मुकाट्याने दिवा लावून द्यायची. फेब्रुवारीत ती गेली.

दुसऱ्या दिवशी आठला मी एकेक खिडकी लावली. पेपर घेऊन अंधारात बसलो. दिवा लावायला उठवेना.