कागद घरी ठेवून ये

"कागद घरी ठेवून ये, ऑरिन," मार्लिस म्हणाली. "तू मला विचार, मी तुला विचारते. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही."

ऑरिन स्कारने कॉफीचा कप खाली ठेवला. दोघं एकाच वर्गात शिकलेले, आता शाळा मंडळाच्या एकाच जागेला एकमेकांविरुद्ध उभे. "आणि मी तुला पटवलं तर?"

"शाळेत असताना जमलं नाही, आता काय पटवतोस."

कॅफेतली चारही टेबलं हसली. ऑरिनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण त्याने होकार दिला.

लुंडबी गावात दर निवडणुकीला उमेदवारांची सभा होई. ज्याने त्याने लिहून आणलेलं दोन मिनिटं वाचायचं, मुलं हेच आपलं भविष्य असं म्हणायचं आणि सगळ्यांनी मिळून शेवटी गोड 'ॲपल पाय'वर तुटून पडायचं. कुणी कुणाला काही विचारायचं नाही. तेरी भी चूप, मेरी भी चूप. मार्लिसला या प्रकाराचा मनापासून वीट आला होता.

यंदा तर शाळाच पणाला लागली होती. मंडळातले दोघं ती चालू ठेवा म्हणत होते, दोघं बंद करा. पाचवा, म्हणजे या जागेवर निवडून येणारा सदस्य ज्या बाजूला झुकेल तसं होणार. गावातली एकतीस मुलं इथेच शिकतील, नाहीतर रोज बसने तीस मैलांवरच्या मोठ्या शाळेत जातील. ऑरिन बंद करा म्हणणारा. मार्लिसने त्या शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं काढली होती आणि निवृत्त झाल्यावरही ती रोज दुपारी मुलांना वाढायला फुकट जायची. तिची बाजू कोणती, हे विचारायची गरज नव्हती.

"आई, गाव तुझ्या बाजूने आहे," तिची मुलगी कार्ला म्हणाली. "सुखासुखी निवडून येशील. कशाला हा नसता उद्योग?"

"तू वर्गात काय शिकवतेस पोरांना? विचारलं की उत्तर द्यायचं, हेच ना?"

"शाळा बंद झाली तर मी कुठल्या वर्गात शिकवणार? एल्साला घेऊन फार्गो शहरात जावं लागेल मला. मग बस एकटी जेवत."

मार्लिसचा नवरा गेल्यापासून ती, कार्ला आणि नात एल्सा अशा तिघीच एका घरात राहत होत्या. सहा वर्षांच्या एल्साशिवाय ते घर तिला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं.

मेच्या सुरुवातीला शाळेच्या हॉलमध्ये वादाला सगळं गाव लोटलं. ऑरिन खरंच कागद न घेता आला.

मार्लिसने पहिला प्रश्न टाकला. "जानेवारीत हिमवादळात बस अडकली, आत सहा वर्षांची पोरं आहेत. काय करशील?"

ऑरिनने बराच विचार केला. "याचं उत्तर माझ्याकडे नाही," तो म्हणाला.

हॉलमध्ये खसखस पिकली. पहिल्या रांगेतला मार्लिसचा म्हातारा शेजारी आर्लो मोठ्याने म्हणाला, "आटोपला खेळ."

मग ऑरिनची पाळी आली. "मार्लिस, पाचवीत मुलं किती?"

"एक. सोल्वी."

"गेल्या वर्षी चौथीत?"

"तीच."

"मधल्या सुट्टीत ती कुणाबरोबर जेवते?"

मार्लिस हळूच म्हणाली, "माझ्याबरोबर."

हॉल टाळ्यांनी दुमदुमला. बायकांनी डोळे टिपले. अशी माया त्या मोठ्या शाळेत कोण लावणार, असं जो तो शेजाऱ्याला सांगू लागला. तिच्या वयाचं दुसरं कुणी नाही म्हणून, असं मार्लिस पुढे सांगणार होती, पण टाळ्या थांबेनात, तेव्हा ती खाली बसली. ऑरिनने दुसरा प्रश्न विचारलाच नाही. बाहेर पडताना आर्लोने त्याचा हात हातात घेऊन म्हटलं, "हरलास, पण माणसासारखा हरलास."

जूनमध्ये मतं मोजली. मार्लिस चौऱ्याण्णव, ऑरिन चौऱ्याण्णव.

कायद्याप्रमाणे चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. कारकुनाने आपल्या टोपीत दोन नावं घातली, डोळे मिटून एक काढलं. ऑरिनचं निघालं. मार्लिसने जाऊन त्याचा हात हातात घेतला. तो मान वर करीना.

मंडळाने शाळा बंद केली आणि ऑगस्टमध्ये कार्ला फार्गोला जायला खोक्यांत पुस्तकं भरत होती. भरता भरता तिचं तेच चाललं होतं. "एक मत, आई. आपल्यातल्याच एकाने दगा दिला. आणि तो कोण, हे मला पक्कं ठाऊक आहे. वादाच्या दिवशी ऑरिनचा हात सोडत नव्हता."

आर्लोच्या कानावर हे गेलं होतं. गावात सगळ्यांच्याच कानावर गेलं होतं. कॅफेत आता त्याच्या टेबलाशी कुणी बसत नव्हतं. त्या सकाळी तो स्वतः भाजलेला ॲपल पाय ताटलीत घेऊन दाराशी आला. कार्लाने जाळीचं दार उघडलं नाही.

"पोरी, मी तुझ्या आईलाच मत दिलं," तो जाळीपलीकडून म्हणाला. "माझ्या बायकोची, इंगाची शपथ."

"गेलेल्या माणसाची शपथ घ्यायला काय जातंय, काका."

आर्लोने ती ताटली पायरीवर ठेवली आणि कठडा धरून तो उतरू लागला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, तीन पायऱ्या उतरायला त्याला फार वेळ लागला.

मार्लिस खिडकीतून बघत होती. तिच्याने बघवेना.

"कार्ला, त्याला हाक मार," ती म्हणाली. "तो खरं बोलतोय."

"तुला काय ठाऊक? मत गुप्त असतं."

"दुसऱ्याचं गुप्त असतं," मार्लिस म्हणाली. "ऑरिनला मत मी दिलं."