सतरावी ओळ

करडीच्या विणकर संस्थेतले हेमराजकाका सोमवारी वारले. ते राहू द्या, तसं काही झालंच नाही.

शनिवारी दुपारी संस्थेची लिखापढी करणाऱ्या, स्वतःही सभासद असलेल्या तृप्तीनं संगणकावरच्या सभासद यादीला नियम लावला: शेऱ्यात कुठंही 'मयत' आलं, की ती ओळ लाल. सतरा ओळी लाल झाल्या. सतरावी हेमराजकाकांची होती. शेऱ्यात 'चालू सभासद' एवढंच होतं, आणि काका समोर बसून चहा पीत होते.

"पोरी, मले काहून लाल करून राहिली?"

"तुम्ही चहा प्या, काका."

तिनं नियमच काढून टाकला. सोळा ओळी पांढऱ्या झाल्या. सतरावी नाही.

आज मंगळवार. आता यादीत तृप्तीची ओळ लाल आहे.

'प्रति'पुढची जागा मोकळी सोडून तिनं अर्ज टाइप केला: 'अर्जदार अद्याप जिवंत असून सदर ओळ पांढरी करून मिळावी, ही नम्र विनंती.'