देवघराच्या वरची खोली

“देवाच्या डोक्यावर संडास? वेड लागलंय काय तुला?”

हर्षित बायकोवर ओरडला, तेही परक्या माणसासमोर. पत्र्याच्या शेडमध्ये टेबलावर नव्या बंगल्याचा नकाशा पसरला होता. इंजिनिअर सर्वेश पेन्सिल हातात धरून उगाच पत्र्याकडे पाहू लागला. हर्षितची आई आवडाबाई खुर्चीत बसून सुपारी कातरत होती.

डोंबिवलीजवळची जमीन बिल्डरला गेली, पैसा आला आणि बंगला ठरला. दोन गाड्यांना जागा, बुटांना कपाट, कुत्र्यालासुद्धा वेगळी खोली. ईशान्य कोपऱ्यात संगमरवरी देवघर आणि त्याच्या बरोब्बर वर हर्षित-रुपालीची खोली. देवघरावर संडास चालत नाही, म्हणून तो पार दुसऱ्या टोकाला, अख्खा हॉल ओलांडून. रुपालीचं मागणं एवढंच होतं की संडास खोलीला लागून असावा. बंगल्यात सगळ्यांचे लाड झाले, नखरा तेवढा तिचा ठरला.

गेली तीन वर्षं तिचं पोट तिच्या ताब्यात नव्हतं. कधी ताटावरून उठायच्या आत कळ, तर कधी चार-चार दिवस काहीच नाही. ठाण्याच्या डॉक्टरांनी आयबीएस सांगितलं. आतड्याला जखम नाही, गाठ नाही, पण ते पटकन बिथरतं आणि धास्तीनं जास्तच बिथरतं. जपून राहायचं, हाच उपाय. घरानं त्यातलं ‘रिपोर्ट नॉर्मल’ तेवढं ऐकलं. मग जो तो वैद्य झाला. ओवा खा, दही खा, दही अजिबात खाऊ नको, टेन्शन घेऊ नको. टेन्शन घेऊ नको म्हणणाऱ्यांनीच तिला सगळ्यात जास्त टेन्शन दिलं.

आवडाबाई तर दाराबाहेरून हाक मारायची, “झोपलीस का गं आत?” नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीच्या दर्शनाची रांग सोडून रुपाली मध्येच पळाली, तेव्हा सासू आठवडाभर तिच्याशी बोलली नव्हती.

“रिपोर्ट नॉर्मल आहेत ना तुझे? मग? चार पावलं चालायला काय होतं?” हर्षित म्हणाला.

रुपालीचा संयम तिथं संपला. “नॉर्मल, नॉर्मल! कळ आली की तुझा हा हॉल मला केवढा लांब वाटेल, माहितीये? आणि त्यात तुझे पाहुणे बसलेले असणार. मध्येच कपडे खराब झाले तर? झालेत रे एकदा! सांगू सगळ्यांना, कुठं ते?”

सर्वेशनं नकाशाची घडी घालायला घेतली. रुपालीला भयंकर लाज वाटली, आणि त्या लाजेचाही राग आला.

अडकित्ता थांबला होता.

“घाम फुटतो काय गं?” आवडाबाईनं विचारलं. “पायातली ताकद जाते?”

रुपालीनं मान डोलावली.

“सर्वेश, नकाशा उघड. देवघर जिन्याच्या पलीकडं घे. इथं वरती पोरीचा संडास कर.”

“आये, ईशान्य कोपरा सोडायचा? देव कोपला तर?”

आवडाबाईनं अडकित्ता टेबलावर ठेवला.

“मी मिठागरावर राबायची, तिथं आडोसा नव्हता. चहूकडं उघडं रान, आणि डोक्यावर मुकादम. हिच्यासारखीच कळ यायची मना. बाईमाणसानं जायचं ते अंधार पडल्यावर. तोवर पोट दाबून मीठ ओढायची. रोज देवाला हात जोडायची, आज तरी लवकर काळोख पाड म्हणून. एक दिस पण त्यानं घाई केली नाय.”

तिनं नकाशावरच्या देवघरावर बोट ठेवलं.

“आता जरा त्याला सरकू दे.”