चिकटपट्टी

आमच्या काकांनी मृत्युपत्रात बंगला वृद्धाश्रमाला लिहून दिला आणि ही बातमी गावभर होईल याची जातीने काळजी घेतली. "मेल्यावर माझं कौतुक मला कसं दिसणार?" म्हणून आपल्या नावाची संगमरवरी पाटीही आश्रमाच्या दारात आत्ताच लावून घेतली. आश्रमाचा व्यवस्थापक वस्ताद निघाला. पुन्हा कोरायचा खर्च नको म्हणून त्याने नावाआधी 'कै.' आधीच कोरून घेतलं आणि त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून टाकली.

काका दर रविवारी पाटी बघायला जातात. परवा मीही बरोबर होतो. दारातच तिथल्या एका आजींनी त्यांना गाठलं.

"भाऊसाहेब, आमचा गिझर कधीचा बंद पडलाय. या वयात थंडगार पाण्याने अंघोळ करतोय सगळे. तेवढा एक घेऊन दिलात तर…"

"अहो आजी, मी गेल्यावर सगळं तुमचंच आहे की!" काका खिशाला हातही न लावता म्हणाले. "जरा धीर धरा."

मग ते पाटीकडे वळले आणि त्यांचा चेहरा पडला. चिकटपट्टी अर्धी सुटून लोंबत होती आणि तिचा उरलेला तुकडा कुणीतरी नखांनी खरवडलेला दिसत होता.

"मागच्या रविवारीच नवी लावली होती ना? मग ही अशी कशी झाली?"

 

"मेली चिकट तरी किती!" आजी नखं झटकत म्हणाल्या. "गरम पाणी असतं, तर कधीच निघाली असती."